क्रियापद येऊन गेल्यावर

'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीचं पहिलं वाक्य, ती कादंबरी हातात न घेतलेल्यांनाही अर्धं पाठ असतं. तो काळ सर्वांत उत्तम होता, तो काळ सर्वांत वाईट होता. भाषणांत, अग्रलेखांत, निरोप समारंभांत ते येतं आणि इथेच तोडलं जातं. डिकन्सने मात्र तिथे पूर्णविराम दिलेला नाही. तिथे स्वल्पविराम आहे. शहाणपणाचं युग आणि मूर्खपणाचं, श्रद्धेचा काळ आणि अश्रद्धेचा, उजेडाचा ऋतू आणि अंधाराचा, आशेचा वसंत आणि निराशेचा हिवाळा अशा जोड्या लावत तो पुढे जात राहतो. दहा वेळा 'इट वॉज' येतं, मग चार वेळा 'वी': आमच्यापुढे सगळं होतं, आमच्यापुढे काहीच नव्हतं, आम्ही सारे थेट स्वर्गाकडे निघालो होतो, आम्ही सारे थेट दुसऱ्या बाजूला निघालो होतो. मग एक डॅश. त्या डॅशनंतर डिकन्स म्हणतो की, थोडक्यात, तो काळ आजच्या काळासारखाच होता, इतका की त्या काळातल्या सर्वांत जास्त गोंगाट करणाऱ्या काही मंडळींचा आग्रहच होता, की बरं असो वा वाईट, त्याच्याविषयी बोलायचं ते फक्त सुपरलेटिव्ह डिग्रीत.

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. 'चेंज द डिग्री' हा प्रश्न वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह. १८५९ साली स्वतःच्याच साप्ताहिकात क्रमशः सुरू केलेल्या कादंबरीच्या पहिल्या वाक्याच्या शेवटी डिकन्स व्याकरणातली हीच संज्ञा वापरतो आणि आधीच्या चौदाही विधानांचा रंग बदलून टाकतो. सर्वांत उत्तम आणि सर्वांत वाईट हे त्याचं मत नाही, ते गोंगाट करणाऱ्यांचं बोलणं आहे. वाक्य जिथे तोडून आपण भाषणात वापरतो, तिथे आपण नेमकं त्या गोंगाटालाच डिकन्सचं नाव देतो. शेवटापर्यंत न गेलेल्या वाचकाला उलटा अर्थ मिळतो. म्हणून मला वाटतं की लांब वाक्य हा नुसता शैलीचा थाट नव्हे. त्यात वजन कुठे टाकायचं हे लेखकाने ठरवलेलं असतं, आणि ते वजन सापडलं तरच वाक्य वाचलं असं म्हणता येतं.

परीक्षेत आम्ही वाक्यपृथक्करण शिकवतो. मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. मुलं पटापट अधोरेखा मारतात, गुण मिळतात. याला मी कमी लेखत नाही. ही हत्यारं हातात नसतील तर हेन्री जेम्सच्या पानावर पाऊल ठेवता येत नाही. पण मुख्य आणि गौण ही नावं ऐकून मुलांचा एक समज होतो, की महत्त्वाचं ते मुख्य वाक्यात असणार आणि किरकोळ ते गौण वाक्यात. इंग्रजीतल्या थोर कादंबरीकारांनी या समजाशी जे केलं आहे, ते मला त्या भाषेतलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

त्याआधी आपल्या कानाविषयी. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. कर्ता सांगितला की काळ, स्थळ, कारण, कर्म, सगळं मधे येतं आणि मग क्रियापद पडतं. ते पडलं की वाक्य संपलं. गाणं ऐकताना तान कितीही फिरली तरी सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला आतून माहीत असतं, तसा मराठी वाचक शेवटच्या क्रियापदाची वाट निवांतपणे पाहू शकतो. त्यामुळे इंग्रजीतलं एका जातीचं लांब वाक्य आपल्याला फारसं जड जात नाही. ज्यात सगळी तयारी आधी होते आणि मुख्य क्रिया शेवटी येते, ते वाक्य. प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या लॅटिनमधून इंग्रजीने ते उचललं आणि अठराव्या शतकात डॉ. जॉन्सनने त्याला पक्कं केलं. १७५९ सालच्या 'रासेलस'ची सुरुवात अशी आहे: जे तुम्ही कल्पनेची कुजबुज भाबडेपणाने ऐकता आणि आशेच्या भासांमागे आवेशाने धावता, तारुण्याने दिलेली वचनं म्हातारपण पुरी करील आणि आजची उणीव उद्या भरून निघेल अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्या तुम्ही ॲबिसिनियाचा राजपुत्र रासेलस याची कहाणी लक्ष देऊन ऐका. या वाक्याचे सांधे आपल्या 'जे' आणि 'ते' यांच्यावर सहज बसतात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'रासेलस' मराठीत आणायला घेतलं आणि ते काम विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. १८७४ पासून 'निबंधमाला' लिहू लागलेल्या विष्णुशास्त्र्यांच्या गद्यात जो लांब दमाचा, तोल सांभाळणारा फेर दिसतो, त्यात जॉन्सनच्या घरचं किती आलं हे मोजता येणार नाही. पण वाचताना ते ऐकू येतं.

अडतं ते दुसऱ्या जातीशी. तिथे क्रियापद येऊन जातं आणि वाक्य खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होतं.

विल्यम फॉकनरच्या 'ॲब्सॅलम, ॲब्सॅलम!' या १९३६ सालच्या कादंबरीचं पहिलं वाक्य घ्या. दुपारी दोन वाजून गेल्यापासून जवळजवळ सूर्यास्तापर्यंत, सप्टेंबरातल्या त्या लांब निश्चल तापलेल्या थकलेल्या मेलेल्या दुपारभर, ती दोघं बसली होती. झालं. मुख्य वाक्य इथे संपलं. क्वेंटिन हा वीस वर्षांच्या आसपासचा मुलगा आणि म्हाताऱ्या मिस रोझा कोल्डफील्ड एका खोलीत बसली आहेत, एवढीच क्रिया. मराठी मनाला इथे थांबावंसं वाटतं. पण फॉकनर त्या खोलीला पकडतो: मिस कोल्डफील्ड तिला अजून ऑफिस म्हणत, कारण त्यांचे वडील तसं म्हणत. मग डॅश, आणि खोलीचं वर्णन: अंधारी, कोंदट, पडद्यांच्या झडपा त्रेचाळीस उन्हाळे बंद करून ठेवलेली. का? कारण त्या लहान असताना कुणीतरी असं मानलं होतं की उजेड आणि वाहती हवा उष्णता आणतात आणि अंधार नेहमी थंड असतो. मग त्या खोलीत ऊन त्या बाजूला चढेल तसे पिवळे पट्टे उमटतात, पट्ट्यांत धुळीचे कण आहेत, ते कण म्हणजे झडपांवरच्या जुन्या वाळलेल्या रंगाचेच कपचे वाऱ्याने आत आले असावेत असं क्वेंटिनला वाटतं.

आता यातल्या 'कारण'कडे पाहा. ते दोनदा येतं आणि दोन्ही वेळा आपल्याला मागे नेतं. एकदा मेलेल्या बापाच्या बोलण्याकडे, एकदा बालपणातल्या कुणाच्या तरी समजुतीकडे. ही दुपार १९०९ सालातली आहे. त्यातून त्रेचाळीस वजा केले की आपण १८६६ साली, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याच्या पुढच्या वर्षी पोचतो. युद्धाचा एक शब्दही वाक्यात नाही. वाक्य डावीकडून उजवीकडे पुढे जातं आणि काळ मागे जातो. वर्तमानाच्या वाट्याला फक्त 'बसली होती' एवढं एक क्रियापद. बाकी सगळी जागा भूतकाळाने व्यापलेली. अमेरिकेच्या दक्षिणेविषयी ही कादंबरी पुढे कित्येक पानांत जे सांगते, ते तिने पहिल्या वाक्याच्या रचनेतच करून दाखवलं आहे. त्या पाच विशेषणांच्या मधे स्वल्पविरामही नाहीत. श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही, कारण त्या खोलीत ती नव्हती.

मॅल्कम कौली या समीक्षकाला १९४४ साली लिहिलेल्या पत्रात फॉकनरने म्हटलं होतं, की सगळं काही एकाच वाक्यात, एका कॅपिटल अक्षरापासून एका पूर्णविरामापर्यंत सांगण्याचा आपला प्रयत्न आहे. पूर्णविराम दिला की आधीची गोष्ट मागे पडली असं कबूल केल्यासारखं होतं, आणि त्याच्या माणसांच्या आयुष्यात काहीच मागे पडत नाही. म्हणून तो पूर्णविराम देत नाही, असं मी त्याचं वाक्य वाचते.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली, ती इथेच सांगते. छापील मराठीत क्रियापदानंतर फारसं काही येत नाही, पण बोलण्यात सर्रास येतं. 'गेली ती, आपली धाकटी वहिनी, परवाच, कुणाला न सांगता, त्या पावसात.' घराघरांत बायका अशाच बोलतात. गोष्ट आधी सांगून टाकायची आणि मग एकेक तपशील मागून जोडत जायचं, प्रत्येक तपशिलाने आधीचं थोडं आणखी उघडायचं. फॉकनरचं वाक्य हे छापलेलं असलं तरी मुळात ओसरीवर बसून सांगणाऱ्यांचं आहे. मी ते मनातल्या मनात वाचणं सोडून मोठ्याने वाचायला लागले, तेव्हापासून त्यात वाट चुकत नाही.

मोठ्याने वाचण्याचं हेन्री जेम्सच्या बाबतीत तर प्रत्यक्ष कारणच आहे. १८९७ च्या सुमारास मनगटाच्या दुखण्यामुळे त्याने हाताने लिहिणं कमी केलं आणि तो टंकलेखकाला मजकूर सांगू लागला. १९०७ पासून त्याच्याकडे काम करणाऱ्या थिओडोरा बोझान्केट यांनी या दिवसांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १९२४ साली हॉगार्थ प्रेसने, म्हणजे व्हर्जिनिया आणि लिओनर्ड वुल्फ यांच्या छापखान्याने, प्रसिद्ध केलं. जेम्सला रेमिंग्टन यंत्राचा खडखडाट लागायचा, त्या आवाजाशिवाय त्याचं वाक्य पुढे सरकत नसे, असं त्या सांगतात. एकदा ते यंत्र बिघडलं आणि पंधरा दिवस ऑलिव्हर यंत्रावर काम चालवावं लागलं, तेव्हा तो अस्वस्थ झाला; आणि काहीच आवाज न करणाऱ्या यंत्राला मजकूर सांगणं तर त्याला जवळजवळ अशक्य वाटलं.

पण सांगून लिहिल्यामुळे जेम्सची वाक्यं लांबली, हे स्पष्टीकरण मला पुरत नाही. बोलणारा माणूस सैल बोलतो, आणि जेम्सची वाक्यं सैल नाहीत. 'द अँबॅसॅडर्स' (१९०३) च्या आरंभी स्ट्रेदर चेस्टरच्या हॉटेलात येतो. त्याचा मित्र वेमार्श संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळतं, तेव्हा तो 'पूर्णपणे हिरमुसला नाही'. पहिल्या वाक्याचा कर्ता स्ट्रेदर नाही. कर्ता आहे त्याचा 'पहिला प्रश्न'. थोडं पुढे आणखी एक वाक्य आहे. त्यात कर्ता आहे एक 'गुप्त तत्त्व'. ज्या तत्त्वाने स्ट्रेदरला बंदरावर वेमार्शची उपस्थिती अगदीच हवीशी वाटू दिली नव्हती, ज्याने त्या भेटीचा आनंद काही तास पुढे ढकलायला लावला होता, तेच तत्त्व आता असं काम करत होतं की आपण निराश न होता अजून थांबू शकतो असं त्याला वाटावं. कर्ता आणि क्रियापद यांच्यामधे दोन उपवाक्यं ठेवून जेम्स आपल्यालाही थांबवतो. सरळ भाषेत सांगायचं तर स्ट्रेदरला मित्राला भेटायची घाई नव्हती. पण स्ट्रेदर हे स्वतःशी सरळ भाषेत कबूल करणारा माणूसच नाही. तो स्वतःच्या इच्छेभोवती फिरतो, तिला नकाराच्या पडद्यातून पाहतो, तिचं श्रेय एका तत्त्वाला देतो. वाक्य छोटं केलं तर माहिती तीच राहील आणि माणूस नाहीसा होईल.

लांबीचे विक्रमही आहेत. जोनाथन को याच्या 'द रॉटर्स क्लब' (२००१) मधे १३,९५५ शब्दांचं वाक्य आहे. ल्यूसी एलमनच्या 'डक्स, न्यूबरीपोर्ट' (२०१९) या हजार पानांच्या कादंबरीचा बहुतेक भाग एकच वाक्य आहे आणि 'द फॅक्ट दॅट' या तीन शब्दांवर ते पुन्हापुन्हा उभं राहतं. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'च्या शेवटच्या प्रकरणात मॉली ब्लूमची आठ वाक्यं आहेत, त्यांत स्वल्पविराम नाहीत. पण 'येस' आणि 'बिकॉज' सांध्याचं काम करतात आणि कान ते ओळखतो. शब्दसंख्येपेक्षा मला हे सांधेच पाहावेसे वाटतात. चौदा हजार शब्दांचं वाक्य दोन तासांत वाचून होतं. तीस शब्दांचं एखादं वर्षानुवर्षं पुरतं.

असं एक माझ्याकडे आहे. पण त्याआधी त्याच कादंबरीतलं दुसरं. व्हर्जिनिया वुल्फच्या 'टू द लाइटहाउस'मधे पहिल्याच पानावर सहा वर्षांचा जेम्स रॅमझी जमिनीवर बसून एका दुकानाच्या सचित्र कॅटलॉगमधली चित्रं कापतो आहे. उद्या हवा चांगली असली तर दीपगृहावर जायचं, असं आईने नुकतंच म्हटलं आहे. थोडं पुढे एक वाक्य 'सिन्स'ने सुरू होतं. ज्याअर्थी तो अशा माणसांच्या कुळातला होता, की ज्यांना एक भावना दुसरीपासून वेगळी ठेवता येत नाही आणि जे पुढच्या सुखदुःखाची छाया हातातल्या क्षणावर पडू देतात. मग पुन्हा 'सिन्स', ज्याअर्थी अशा माणसांच्या बाबतीत अगदी लहानपणापासून संवेदनेच्या चाकाचा कुठलाही फेरा त्या क्षणाला स्फटिकासारखं थिजवून टाकू शकतो. मग जेम्स, मग जमिनीवर बसणं, कात्री, कॅटलॉग, आणि इतक्या चढणीनंतर मुख्य क्रिया: आई बोलत असताना त्याने एका रेफ्रिजरेटरच्या चित्राला स्वर्गीय आनंद बहाल केला.

दोन तात्त्विक उपवाक्यांच्या शेवटी रेफ्रिजरेटरचं चित्र. मोठ्यांच्या नजरेला क्षुल्लक असलेली गोष्ट वुल्फ मुख्य क्रियेचं कर्म करते, कारण त्या मुलाच्या दृष्टीने त्या घटकेला तीच मुख्य आहे. तत्त्वज्ञान गौण, चित्र मुख्य. लहान मुलाला इतका मान देणारी वाक्यरचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि मग मधल्या भागात ती नेमकं याच्या उलट करते. दहा वर्षं जातात, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं ते घर ओस पडतं, वारा आणि ओल यांचं सविस्तर वर्णन चालू राहतं, आणि माणसांच्या बातम्या चौकोनी कंसात येतात. अशाच एका कंसात मिसेस रॅमझी मरतात. जिच्याभोवती पहिली शंभरावर पानं फिरली, ती बाई. अमेरिकन आवृत्तीतल्या त्या वाक्याचा आराखडा असा: मिस्टर रॅमझींनी, एका अंधाऱ्या सकाळी बोळातून ठेचकाळत जाताना, आपले हात पुढे पसरले, पण मिसेस रॅमझी आदल्या रात्री जरा अचानकच वारल्या असल्यामुळे, त्यांचे हात, पसरलेले असूनही, रिकामे राहिले.

मृत्यू कंसात आहे. कंसातल्या वाक्यातही तो मुख्य क्रियापद नाही. इंग्रजीत तो एका धातुसाधितावर भागवलेला आहे, कारण सांगणाऱ्या अर्ध्या तुकड्यात, 'जरा अचानकच' या औपचारिक शब्दांसकट. मुख्य क्रिया हातांची आहे. परीक्षेत हे वाक्य देऊन महत्त्वाची घटना कोणती विचारलं, तर मुलांना ती मुख्य वाक्यात सापडणार नाही. पण घरातलं माणूस गेल्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ठाऊक असतं की मरण हे वाक्य म्हणून कळत नाही. ते दुसऱ्या कुठल्यातरी कामाच्या मधे कळतं. सवयीने दोन कप चहा टाकला जातो, हाक मारली जाते, हात पुढे होतो. क्रिया आपली असते आणि मृत्यू तिचं कारण म्हणून मधे उभा असतो. वुल्फने व्याकरणाची ही उतरंड जशीच्या तशी वापरली आणि त्या उतरंडीलाच दुःखाचा भार वाहायला लावलं.

ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्या एकाच दिवशी, ५ मे १९२७ रोजी निघाल्या. वुल्फने दोन्हींची मुद्रितं वेगवेगळी तपासली होती, आणि हे वाक्य दोन्हींत सारखं नाही. ब्रिटिश आवृत्तीत मिस्टर रॅमझी हात पसरतात, पण पत्नी आदल्या रात्री वारली असल्यामुळे हात पसरतात, म्हणजे तीच क्रिया दुसऱ्यांदा येते, मग पूर्णविराम. त्यानंतर तीन शब्दांचं वेगळं वाक्य: 'दे रिमेन्ड एम्प्टी.'

माझी भाची सध्या इंग्रजीत एम.ए. करते आहे, आणि तिला ब्रिटिश आवृत्तीच सरस वाटते. 'मावशी, तो पूर्णविराम हवाच गं. हात दोनदा पसरतात आणि मग काहीच येत नाही, तिथे थांबल्याशिवाय ते कळणार कसं?' तिचं म्हणणं चुकीचं नाही. दोनदा आलेल्या त्या क्रियेत माणसाचा गोंधळ आहे, आणि छोटं वाक्य मनाला लागतं. तरी मी अमेरिकन आवृत्तीच्या बाजूने आहे. पूर्णविराम दिला की हात पसरणं ही एक घटना होते आणि ते रिकामे राहणं ही दुसरी. एकाच वाक्यात ठेवलं की पसरताक्षणीच ते रिकामे असतात, मधे आशेला क्षणाचीही जागा उरत नाही, आणि 'पसरलेले असूनही' हा तुकडा दोन स्वल्पविरामांच्या मधे त्यांना तसंच हवेत धरून ठेवतो. मी तिला हे पटवायचा प्रयत्न करते, ती मला फॉकनर फार वाचतेस म्हणते, आणि दिवाळीच्या सुट्टीत ती आली की आम्ही दोन्ही आवृत्त्या काढून पुन्हा पहिल्या स्वल्पविरामापासून सुरुवात करतो.